धावपट्टी रिकामी, तरी विमान थांबलेलं: मोठ्या विमानामागचे अदृश्य भोवरे किती वेळ टिकतात?

विमान धावपट्टीच्या तोंडाशी येऊन उभं आहे. पुढचं मोठं विमान केव्हाच उडून ढगांआड गेलंय. धावपट्टीवर काहीच नाही. तरीही तुमचं विमान जागचं हलत नाही. एक मिनिट जातं, दोन मिनिटं जातात. कुणीतरी वैतागून घड्याळ बघतं, कुणीतरी "आता काय झालं?" म्हणून पुटपुटतं. मग अचानक इंजिनांचा आवाज वाढतो आणि विमान धावू लागतं.

अशा थांबण्याची कारणं बरीच असू शकतात. पण पुढे नुकतंच एअरबस ए३८० किंवा बोईंग ७७७ सारखं अवजड विमान उडालं असेल, तर एक कारण जवळपास ठरलेलं असतं. धावपट्टी रिकामी दिसत असली, तरी तिच्यावरची हवा रिकामी नसते. त्या विमानाने मागे सोडलेले दोन मोठे भोवरे अजून तिथेच गरगरत असतात. याला म्हणतात 'वेक टर्ब्युलन्स'.

हे भोवरे डोळ्यांना दिसत नाहीत, पण लहान विमान उलटंपालटं करण्याइतकी ताकद त्यांच्यात असते. मग ते विरतात कसे? किती वेळात विरतात? आणि दोन-तीन मिनिटं थांबलं की पुरेसं आहे, हे कसं ठरलं?

वेक टर्ब्युलन्स म्हणजे नेमकं काय?

पहिला गैरसमज म्हणजे हा इंजिनांतून निघणाऱ्या वाऱ्याचा झोत आहे. तसं नाही. इंजिनांचा झोत वेगळा. तो जमिनीवर विमानाच्या अगदी मागे उभ्या असलेल्यांसाठी धोकादायक असतो, पण लवकर विरतो. वेक टर्ब्युलन्स तयार होतो पंखांमुळे.

विमान हवेत टिकतं कारण पंखांच्या खालच्या बाजूला हवेचा दाब जास्त आणि वरच्या बाजूला कमी असतो. हवा नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जायला बघते. पंखाच्या मध्यभागी तिला वाट मिळत नाही, पण टोकाला मिळते. तिथून ती खालून वर वळसा घेते. विमान पुढे जात असल्याने हा वळसा मागे लांबत जातो आणि त्याचा भोवरा बनतो. डाव्या आणि उजव्या पंखामागे एकेक, असे दोन भोवरे तयार होतात. ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. दोघांच्या मधली हवा खाली ढकलली जाते आणि बाहेरच्या बाजूची हवा वर उचलली जाते.

नदीत होडी पुढे गेल्यावर मागे पाणी घुसळलेलं दिसतं, तसाच काहीसा हा प्रकार. फरक इतकाच की पाण्यातली खळबळ दिसते, हवेतली दिसत नाही.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे भोवरे विमानात काही बिघाड असल्याचं लक्षण नाही. विमानाला उचलून धरणाऱ्या बलाची ही दुसरी बाजू आहे. पंख उचल देत आहेत तोवर भोवरे तयार होणारच. टेक-ऑफच्या वेळी विमानाचं नाक उचललं जातं तिथून ते सुरू होतात आणि लँडिंगला चाकं जमिनीला टेकली की थांबतात.

सगळ्यात ताकदवान भोवरे कोणत्या विमानाचे?

याचं उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून असतं: विमानाचं वजन, वेग आणि पंखांची लांबी. वजन जितकं जास्त, तितका भोवरा ताकदवान. वेग आणि पंखांची लांबी जास्त असेल तर तो तुलनेने सौम्य होतो. म्हणजे अवजड आणि संथ विमान सगळ्यात वाईट. आणि विमान सर्वात संथ केव्हा असतं? टेक-ऑफ आणि लँडिंगच्या वेळी. नेमकी तेव्हाच विमानं एकामागून एक, एकाच वाटेने जात असतात.

एक साधा हिशोब करता येतो. लँडिंगला येणारं ए३८० सुमारे ३८० टनांचं धरा आणि ए३२० सुमारे ६५ टनांचं. दोघांचा वेग साधारण १४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर. वजनात जवळपास सहा पटींचा फरक आहे, पण ए३८० च्या पंखांचा पसारा जवळपास ८० मीटर आणि ए३२० चा सुमारे ३५ मीटर. त्यामुळे भोवऱ्याच्या ताकदीतला फरक सहा पट न राहता अडीच पटींच्या आसपास येतो.

मागून येणाऱ्या विमानाचा आकारही महत्त्वाचा. ज्याचे पंख लांब आहेत, त्याच्या पंखांची टोकं भोवऱ्याच्या बाहेर राहू शकतात आणि वैमानिकाला विमान सरळ ठेवता येतं. लहान विमान मात्र अख्खंच भोवऱ्यात सापडतं. मग वैमानिकाने पूर्ण ताकदीने उलट दिशेला नियंत्रण दिलं, तरी विमान कुशीवर वळतच राहू शकतं.

तयार झालेले भोवरे जातात कुठे?

ते जागच्या जागी राहत नाहीत. दोन्ही भोवरे एकमेकांना खाली ढकलतात, त्यामुळे ही जोडी हळूहळू खाली उतरत जाते. मोठ्या विमानाच्या बाबतीत हा वेग मिनिटाला काही शे फूट असतो. वरच्या हिशोबातल्या ए३८० साठी तो मिनिटाला सुमारे साडेतीनशे फूट येतो. वारा असेल तर भोवरे वाऱ्याबरोबर वाहतही जातात.

म्हणूनच वैमानिकांना शिकवलं जातं, की मोठ्या विमानाच्या मागे उतरताना त्याच्या वाटेच्या वर राहा आणि त्याची चाकं जिथे टेकली त्याच्या पुढे टेका. उडताना त्याने जिथून जमीन सोडली, त्याच्या आधी जमीन सोडा. भोवरे खाली जातात, म्हणून सुरक्षित जागा वर.

जमिनीपासून शे-दोनशे फुटांवर आल्यावर भोवऱ्यांना आणखी खाली जाता येत नाही. मग ते एकमेकांपासून दूर, दोन्ही बाजूंना सरकू लागतात. वारा नसेल तर त्यांचा वेग दोन-तीन नॉट, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका असतो. इथे एक विचित्र परिस्थिती तयार होते. बाजूने अगदी मंद वारा, साधारण एक ते पाच नॉटचा असेल, तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला सरकू पाहणारा भोवरा वाऱ्यानेच अडवला जातो आणि धावपट्टीवरच रेंगाळतो. दुसरा भोवरा मात्र वाऱ्याच्या साथीने लवकर दूर जातो. शेजारी समांतर धावपट्टी असेल तर तिच्यावरही पोहोचतो. त्यामुळे ७६० मीटरपेक्षा कमी अंतरावरच्या समांतर धावपट्ट्या या नियमांसाठी एकच धावपट्टी मानल्या जातात.

भोवरा जमिनीपर्यंत जिवंत पोहोचतो याचा पुरावा हवा असेल, तर तो लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या घरांवर सापडतो. खालून जाणाऱ्या विमानांच्या भोवऱ्यांनी तिथल्या छपरांवरची कौलं सरकतात, उडतात. त्याच्या दुरुस्तीसाठी विमानतळाची वेगळी योजना आहे.

मग हे भोवरे विरतात कसे?

चहाच्या कपात चमचा फिरवून काढला, की चहा थोडा वेळ फिरतो आणि थांबतो. कारण तो कपाच्या भिंतींना घासतो. आकाशातल्या भोवऱ्याला भिंत नसते. हवेला स्वतःचा चिकटपणा असतो, पण तो फारच कमी. फक्त त्याच्यावर सोडलं असतं, तर मोठ्या विमानाचा भोवरा तासन्‌तास फिरत राहिला असता. प्रत्यक्षात तो काही मिनिटांत संपतो. कारण त्याला मोडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली म्हणजे हवेतली खळबळ. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठते, इमारती-झाडांवरून वारा जाताना विस्कटतो. असे लहान-मोठे झोत भोवऱ्याला सतत धक्के देतात, त्याची बाहेरची कड कुरतडतात आणि त्याचा सरळ आकार बिघडवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन भोवऱ्यांचा एकमेकांवर होणारा परिणाम. दोन्ही भोवरे सुरुवातीला लांब, सरळ नळ्यांसारखे असतात. हवेच्या धक्क्याने त्यांना किंचित बाक आला, की दोघं मिळून तो बाक वाढवत नेतात. नळ्या नागमोडी होतात. काही ठिकाणी त्या इतक्या जवळ येतात की एकमेकींना भिडतात, तुटतात आणि जोडल्या जाऊन त्यांच्या कड्या बनतात. अमेरिकी संशोधक स्टीव्हन क्रो यांनी १९७० मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून याला 'क्रो अस्थिरता' म्हणतात. या नागमोडी वळणाची लांबी दोन भोवऱ्यांमधल्या अंतराच्या साधारण साडेआठ पट असते. ए३८० साठी ती अर्ध्या किलोमीटरच्या आसपास येते.

हे तुम्ही कदाचित पाहिलंही असेल. उंचावरून गेलेल्या जेट विमानामागे पांढरी रेघ उमटते. आधी ती सरळ असते, मग लाटेसारखी वळू लागते आणि काही वेळाने तिचे तुकडे होऊन गोलाकार कड्या दिसतात. त्या रेघेतले बर्फाचे कण भोवऱ्यात अडकलेले असतात, म्हणून एरवी न दिसणारा भोवरा दिसतो. आकाशातलं ते नक्षीकाम म्हणजे भोवरे मोडत असल्याची खूण असते.

तिसरी गोष्ट तापमानाची. भोवऱ्यांची जोडी खाली उतरताना वरची हवा सोबत घेऊन येते. खाली दाब जास्त असल्याने ती हवा दाबली जाऊन गरम होते. आजूबाजूची हवा तिच्यापेक्षा थंड असेल, तर आतली हलकी हवा पुन्हा वर जायला बघते. या ओढाताणीत भोवरे लवकर कमकुवत होतात.

चौथी गोष्ट जमीन. भोवरा जमिनीजवळ आला की जमिनीलगतची हवा घासली जाऊन तिथे उलट दिशेने फिरणारे छोटे भोवरे तयार होतात. ते मूळ भोवऱ्याभोवती गुंडाळले जातात आणि त्याची ताकद खातात. पण त्याच वेळी मूळ भोवऱ्याला ते वरही ढकलू शकतात. त्यामुळे जमिनीजवळचा भोवरा कधीकधी उसळी घेऊन पुन्हा उतरणाऱ्या विमानांच्या वाटेत येतो.

भोवरा हळूहळू कमी होत जातो का?

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. आवाज जसा दूर जाताना हळूहळू विरतो, तसा भोवरा विरत नाही. लेझर किरणांनी हवेचा वेग मोजणाऱ्या 'लायडार' उपकरणांनी घेतलेल्या मोजमापांतून आणि संगणकावरच्या गणितांतून दोन टप्पे दिसतात.

पहिल्या टप्प्यात भोवरा जवळपास तितकाच ताकदवान राहतो, घट अगदी संथ असते. मग क्रो अस्थिरता किंवा हवेतली खळबळ वरचढ ठरते आणि दुसरा टप्पा सुरू होतो. त्यात भोवरा झपाट्याने कोसळतो.

घरातली अगरबत्ती आठवा. बंद खोलीत तिचा धूर बराच वर सरळ रेषेत जातो आणि मग एका उंचीवर अचानक विस्कटतो. पंखा लावला तर तो काडीपाशीच विखुरतो. दोन्हीकडचं विज्ञान अगदी एकच नाही, पण दिसतं ते सारखंच: सरळपणा बराच वेळ टिकतो आणि मग पटकन मोडतो. केव्हा मोडणार हे आजूबाजूची हवा ठरवते.

म्हणून 'एक मिनिट झालं, आता धोका निम्मा झाला असेल' असं म्हणता येत नाही. एका मिनिटानंतरही मोठ्या विमानाचा भोवरा जवळपास पूर्ण ताकदीचा असू शकतो.

मोठ्या विमानाचे भोवरे जास्त वेळ का टिकतात?

ते जास्त ताकदवान असतात हे एक कारण झालं. पण दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. मोठ्या विमानाच्या भोवऱ्यांचं घड्याळच संथ चालतं.

भोवऱ्यांचं आयुष्य मोजताना शास्त्रज्ञ एक सोपं माप वापरतात. भोवऱ्यांची जोडी स्वतःच्या रुंदीइतकं अंतर, म्हणजे दोन भोवऱ्यांमधल्या अंतराइतकं खाली उतरायला किती वेळ घेते, ते हे माप. ए३२० च्या दोन भोवऱ्यांत साधारण २७ मीटर अंतर असतं, ए३८० च्या भोवऱ्यांत साधारण ६३ मीटर. खाली उतरण्याचा वेग दोघांचा जवळपास सारखाच, सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास. म्हणजे ए३२० साठी हे एक माप सुमारे १६ सेकंदांचं, तर ए३८० साठी सुमारे ३५ सेकंदांचं.

हवेत भरपूर खळबळ असेल तर झपाट्याने कोसळण्याचा टप्पा एक-दोन मापांनंतरच सुरू होतो. हवा शांत असेल तर चार-पाच मापं जातात. हिशोब करून बघा. शांत हवेत ए३२० चा भोवरा साधारण सव्वा मिनिटाच्या आत कोसळायला लागतो. ए३८० च्या भोवऱ्याला त्यासाठीच अडीच मिनिटांच्या आसपास लागू शकतात. त्यानंतर पूर्ण विरायला लागणारा वेळ वेगळा.

वादळी हवेपेक्षा शांत हवा धोकादायक कशी?

प्रवाशांना वाऱ्याचा दिवस भीतीदायक वाटतो. वेक टर्ब्युलन्सच्या बाबतीत मात्र उलट आहे. जोराचा वारा भोवऱ्यांना धावपट्टीवरून दूर नेतो आणि मोडतोही. दुपारच्या उन्हात तापलेली, उकळणारी हवा त्यांना लवकर विस्कटवते.

धोका असतो तो वारा पडलेला असताना, खळबळ नसलेल्या, गुळगुळीत हवेत. पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या शांततेत भोवरे जास्त काळ टिकतात आणि फारसे हलतही नाहीत. प्रवाशांना सगळ्यात सुखद वाटणारी हवा नियंत्रण कक्षासाठी सगळ्यात सावध राहण्याची वेळ असते.

अरबी समुद्रावर २०१७ मध्ये काय झालं?

हा धोका फक्त विमानतळाजवळच असतो असं नाही. ७ जानेवारी २०१७ रोजी चॅलेंजर ६०४ हे छोटं खासगी जेट मालदीवच्या मालेहून बर्लिनला निघालं होतं. अरबी समुद्रावर ते ३४ हजार फुटांवर असताना समोरून एक ए३८० आलं. ते दुबईहून सिडनीला चाललं होतं आणि नियमाप्रमाणे एक हजार फूट वर होतं. दोन्ही विमानांनी आपापली ठरलेली उंची सोडलेली नव्हती.

ए३८० वरून निघून गेल्यानंतर साधारण मिनिटभराने छोटं जेट त्याच्या खाली उतरलेल्या भोवऱ्यांत सापडलं. ते अनेक वेळा कुशीवर उलटलं आणि सुमारे नऊ हजार फूट खाली आलं. आतले लोक फेकले गेले, काही जखमी झाले. वैमानिकांनी विमान सावरलं आणि ओमानमध्ये मस्कतला उतरवलं. विमानाच्या सांगाड्यावर इतका ताण आला होता, की ते पुन्हा उडण्याच्या लायकीचं राहिलं नाही. जर्मनीच्या अपघात तपास संस्थेने या घटनेचा तपास केला.

उंचावर असं का होतं? तिथे हवा बरेचदा शांत असते, त्यामुळे भोवरे टिकतात. एक हजार फूट खाली उतरेपर्यंत त्यांच्यात बरीच ताकद शिल्लक राहू शकते. अशा वेळी वैमानिकांना आपल्या मार्गापासून एक-दोन सागरी मैल बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकून उडण्याचा पर्याय असतो. महासागरांवरच्या अनेक मार्गांवर तशी सोय दिलेली आहे.

नियम कोणत्या अपघातांनंतर आले?

१९७० मध्ये बोईंग ७४७ सेवेत आलं आणि विमानांच्या आकारांत एकदम मोठी तफावत पडली. ३० मे १९७२ रोजी अमेरिकेत फोर्ट वर्थजवळ एक डीसी-९ विमान सराव उड्डाणात डीसी-१० च्या मागे उतरत होतं. धावपट्टीजवळ ते भोवऱ्यात सापडून उलटलं आणि त्यातले चौघंही गेले. या अपघातानंतर मोठ्या विमानांमागच्या अंतराचे नियम कडक झाले.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या बिलिंग्ज इथे आणि १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना इथे छोटी जेट विमानं बोईंग ७५७ च्या मागे उतरताना कोसळली. पहिल्या अपघातात आठ आणि दुसऱ्यात पाच जणांचा मृत्यू झाला. ७५७ तेव्हाच्या वर्गवारीत 'हेवी' गटाच्या खाली बसत होतं, त्यामुळे मागचं विमान त्याच्या जवळ येऊ शकत होतं. पुढे अमेरिकेत ७५७ मागे जास्त अंतर ठेवण्याचा वेगळा नियम झाला. निव्वळ वजनाच्या ढोबळ गटांवर विसंबून चालत नाही, हे या दोन घटनांनी दाखवलं.

१२ नोव्हेंबर २००१ चा न्यूयॉर्कचा अपघात सगळ्यात मोठा, पण त्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकन एअरलाइन्सचं ए३००-६०० विमान जपान एअरलाइन्सच्या बोईंग ७४७ मागे उडालं आणि त्याच्या भोवऱ्यांतून गेलं. तपासात असं आढळलं, की भोवऱ्यांचा धक्का विमान पाडण्याइतका नव्हता. सहवैमानिकाने धक्क्याला उत्तर म्हणून शेपटीचं रडर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वारंवार जोरात फिरवलं. त्या ताणाने काही सेकंदांत उभी शेपटीच तुटली. रडरची रचना आणि विमान कंपनीतलं प्रशिक्षण यांनाही तपास संस्थेने कारणांत धरलं. विमानातले सर्व २६० आणि जमिनीवरचे पाच जण मरण पावले. तेव्हापासून धक्का बसल्यावर काय करू नये, हेही वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा महत्त्वाचा भाग आहे.

आज किती अंतर ठेवतात?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या मूळ वर्गवारीत विमानांचे गट जास्तीत जास्त उड्डाण वजनावरून ठरतात:

- लाइट: ७ टनांपर्यंत
- मीडियम: ७ ते १३६ टन (ए३२०, बोईंग ७३७)
- हेवी: १३६ टन आणि त्यापुढे (बोईंग ७७७, ए३५०)
- सुपर: ए३८० साठीचा वेगळा गट

उतरताना ठेवायचं अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

- हेवीच्या मागे हेवी: ४ सागरी मैल
- हेवीच्या मागे मीडियम: ५ सागरी मैल
- हेवीच्या मागे लाइट: ६ सागरी मैल
- सुपरच्या मागे मीडियम: ७ सागरी मैल
- सुपरच्या मागे लाइट: ८ सागरी मैल

१४० नॉट वेगाने ५ सागरी मैल कापायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो आणि ७ सागरी मैलांना तीन मिनिटं. उड्डाणाच्या वेळी थेट वेळच मोजतात. मीडियम किंवा लाइट विमानाने हेवीच्या मागे दोन मिनिटं आणि ए३८० च्या मागे तीन मिनिटं थांबायचं. मागचं विमान धावपट्टीच्या मधूनच उड्डाण सुरू करणार असेल तर आणखी एक मिनिट. म्हणूनच अवजड विमानांचे वैमानिक नियंत्रण कक्षाशी पहिल्यांदा बोलताना आपल्या नावापुढे 'हेवी' किंवा 'सुपर' असं आवर्जून सांगतात.

हे अंतर कमी करता येईल का?

प्रत्येक थांबलेलं मिनिट विमानतळांना महाग पडतं. मुंबईचंच बघा. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी साधारण एकच वापरता येते. त्याच धावपट्टीवर ए३२० आणि ७३७ च्या रांगेत अवजड विमानंही असतात. दुबईहून ए३८० ची सेवा २०१४ मध्ये मुंबईला सुरू झाली. एका सुपरच्या मागे सोडलेल्या जागेमुळे पुढची सगळी रांग मागे सरकते.

यावर पहिला उपाय म्हणजे अधिक बारीक वर्गवारी. अमेरिकेत मेम्फिस विमानतळावर नोव्हेंबर २०१२ मध्ये सहा गटांची नवी पद्धत सुरू झाली. त्यात वजनासोबत पंखांचा पसारा आणि मागच्या विमानाची तग धरण्याची क्षमताही बघितली जाते. युरोपातही अशी पद्धत आली.

दुसरा उपाय म्हणजे अंतराऐवजी वेळ मोजणं. समोरून जोराचा वारा असेल तर विमानं जमिनीच्या हिशोबाने संथ येतात आणि तेच अंतर कापायला जास्त वेळ लागतो. पण अशा वाऱ्यात भोवरे लवकर विरतात. म्हणजे जास्त थांबायची गरज नसते तेव्हाच जास्त थांबावं लागत होतं. हीथ्रोने मार्च २०१५ पासून उतरणाऱ्या विमानांसाठी वेळेवर आधारित पद्धत आणली आणि वाऱ्याच्या दिवसांतला खोळंबा कमी केला.

तिसरा उपाय थेट भोवऱ्यांवरच घाव घालणारा आहे. जर्मनीच्या अंतराळ संशोधन संस्थेने धावपट्टीच्या अलीकडे, उतरत्या विमानांच्या वाटेखाली उभ्या पाट्यांची रांग लावण्याची कल्पना मांडली. भोवरा पाट्यांवरून जाताना जमिनीलगतचे उलटे भोवरे लवकर तयार होतात आणि मूळ भोवरा लवकर मोडतो. २०१९ मध्ये व्हिएन्ना विमानतळावर याची मोठी चाचणी झाली. जास्त वेळ टिकणाऱ्या भोवऱ्यांचं आयुष्य त्यात पाव ते एक-तृतीयांश इतकं कमी झालेलं दिसलं.

प्रवाशांनी यातून काय लक्षात ठेवावं?

नियमांतली दोन किंवा तीन मिनिटं त्या दिवशीचा भोवरा मोजून ठरलेली नसतात. बहुतेक दिवशी भोवरे त्याच्या आधीच विरलेले किंवा वाऱ्याने दूर गेलेले असतात. हा वेळ ठरवताना विचार केला जातो तो शांत, वारा पडलेल्या, भोवऱ्यांना पोषक हवेचा. त्यामुळे दहापैकी नऊ वेळा थांबणं वाया गेल्यासारखं वाटलं, तरी ते दहाव्या वेळेसाठी असतं.

एवढं करूनही कधीतरी धक्का बसतोच. उतरताना निरभ्र, शांत हवेत विमान अचानक एका कुशीवर झुकलं आणि लगेच सावरलं, तर पुढे गेलेल्या विमानाच्या विरत चाललेल्या भोवऱ्याचा तो शेवटचा भाग असू शकतो. मोठ्या प्रवासी विमानासाठी तो सहसा दोन-चार सेकंदांचा झोका ठरतो. त्या दोन-चार सेकंदांत पट्टा न लावलेला माणूस मात्र जागेवरून फेकला जाऊ शकतो. म्हणून दिवा विझलेला असला तरी बसल्या जागी पट्टा बांधलेला ठेवणं शहाणपणाचं. आणि पुढच्या वेळी रिकाम्या धावपट्टीसमोर विमान थांबलं, तर समोरच्या हवेत काय चाललंय हे तुम्हाला माहीत असेल.